वादळात टिकलेला खांब साध्या वाऱ्यात का पडतो?

धुळ्याहून जळगावकडे निघालं की हिरवे बोर्ड डोक्यावरून जात राहतात. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. त्यावरचा मजकूर वाचायचा आणि पुढे जायचं, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. पण 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 जणांचा जीव गेला, आणि तेव्हापासून वळवाचं वारं सुटलं की माणसं वर बघून गाडी पुढे काढायला लागली. रावेर-यावलच्या केळीबागा ज्या वाऱ्यात आडव्या होतात, त्यात हा लोखंडी सांगाडा टिकेल का? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे.

घाटकोपरला जे झालं ते एका झटक्यातलं कोसळणं होतं. आकार अवाढव्य, पाया अपुरा, वर वादळ. महामार्गावरच्या बोर्डांच्या खांबांना याशिवाय आणखी एक मरण आहे आणि ते वादळाची वाट बघत नाही. दहा पावसाळे पचवलेला खांब एखाद्या साध्या वाऱ्याच्या दिवशी पायथ्याशी करवतीने कापल्यासारखा तुटतो. या प्रकाराला धातूचा थकवा म्हणतात. तो आधीच ओळखता यावा म्हणून प्रयोगशाळेत असे खांब महिनोन्‌महिने मुद्दाम हलवत ठेवले जातात.

लोखंड थकतं म्हणजे काय होतं

सळया बांधायची तार हाताने ओढून तुटत नाही. तीच एका जागी इकडे-तिकडे वाकवत राहिलं की दहा-पंधरा वेळांत तुटते. प्रत्येक वेळी लावलेला जोर तिला तोडण्याइतका नसतो, तुटते ती पुन्हा पुन्हा वाकवल्यामुळे. तारेचं वाकणं डोळ्याला दिसतं, म्हणून काम लवकर होतं. खांबाचं हलणं काही मिलिमीटरांचं असतं, म्हणून तिथे तेच घडायला लाखो हेलकावे लागतात. एकदा जाऊन परत आलं की एक हेलकावा, अशी मोजणी.

सायकलचा स्पोक आठवा. तो मधोमध तुटल्याचं सहसा दिसत नाही. तुटतो तो हबजवळच्या वाकावर किंवा निपलच्या आट्यांपाशी, म्हणजे जिथे आकार एकदम बदलतो तिथे. ताण तिथे गोळा होतो, तिथेच केसाएवढा तडा सुरू होतो आणि हेलकाव्यागणिक थोडा थोडा पुढे सरकतो. उरलेलं लोखंड भार पेलायला पुरेनासं झालं की शेवटचा तुकडा एका क्षणात जातो. त्या दिवशी वारा किती होता याला मग फार अर्थ उरत नाही.

तुटलेला भाग हाती आला की जाणकार माणूस त्याची कुंडली मांडू शकतो. थकव्याने तुटलेला भाग गुळगुळीत असतो, त्यावर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा असतात आणि तडा जुना असेल तर गंजाचा रंग चढलेला असतो. शेवटी तुटलेला भाग खरखरीत आणि ताजा चमकणारा. गुळगुळीत भाग जितका मोठा, तितकी धोक्याची सूचना जास्त दिवस समोर होती आणि कुणी पाहिली नव्हती.

हा धडा रेल्वेने शिकवला. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा ॲक्सल तुटून भीषण अपघात झाला. पुढे ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने ॲक्सलवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि किती ताणाला किती हेलकावे टिकतात याचा हिशेब मांडला. आजच्या सगळ्या चाचण्या त्याच हिशेबावर उभ्या आहेत.

खांबाला हलवतं कोण

बोर्डाचे आधार मुख्यतः दोन प्रकारचे. दोन्ही बाजूंना पाय असलेली कमान म्हणजे गॅन्ट्री. एकाच बाजूला खांब आणि त्यातून रस्त्यावर आलेला आडवा हात म्हणजे कॅन्टिलिव्हर. थकव्याची भीती कॅन्टिलिव्हरला जास्त, कारण हाताचं दुसरं टोक मोकळं आहे. असे सांगाडे सेकंदाला साधारण एक ते तीन वेळा डोलतात आणि एकदा डोलायला लागले की लवकर थांबत नाहीत. देवळाच्या घंटेसारखं आहे, ठोका एक आणि घुमणं बराच वेळ.

नेहमीचा हलवणारा म्हणजे वाऱ्याचा झोत. अमेरिकेतल्या नियमावलीत थकव्यासाठी त्याचा दाब 250 पास्कल धरतात, म्हणजे चौरस मीटरला साधारण 25 किलो. बोर्ड 12 चौरस मीटरचा असेल तर 300 किलोचा ढकला, बोर्डाच्या आकाराचा गुणक लावला की त्याहूनही जास्त. हा आकडा वर्षाची सरासरी सेकंदाला 5 मीटर वारा असलेल्या जागेसाठी आहे. सरासरी 6.5 झाली तर तोच दाब 420 च्या पुढे जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. तशा उघड्या पट्ट्यातल्या रस्त्यावर मैदानी गावाचा आकडा उचलून चालणार नाही.

दुसरा हलवणारा म्हणजे ट्रक. सुरत-नागपूर मार्गावर, ज्याला अजून बरेच जण सहा नंबरच म्हणतात, तिथे याची कमतरता नाही. उंच बॉडीचा ट्रक बोर्डाखालून जातो तेव्हा हवेचा लोट वर आणि पुढे ढकलतो. सेकंदाला 30 मीटर, म्हणजे ताशी 108 किलोमीटर वेगाला हा दाब 900 पास्कल धरतात. ट्रक ताशी 80 ने गेला तर तो 490 च्या आसपास येतो. सपाट पत्र्याच्या बोर्डाला खालून फारसं अंग नसतं, म्हणून त्याला हा त्रास कमी. मजकूर बदलणारा विजेचा बोर्ड ही मात्र जाड पेटीच असते आणि तिच्या तळाला सगळा लोट लागतो. जुन्या खांबावरचा साधा बोर्ड काढून अशी पेटी बसवायची असेल तर नुसतं वजन तपासून भागत नाही.

तिसऱ्या प्रकाराला उधळणं म्हणायला हरकत नाही, इंग्रजीतही त्याला घोड्याच्या चौखूर धावण्याचंच नाव आहे. ठरावीक दिशेचा संथ वारा बोर्डावर पडत राहतो, बोर्ड किंचित वर जातो, त्याने वाऱ्याचा कोन बदलतो आणि बदललेला कोन त्याला आणखी ढकलतो. पाळण्याला नेमक्या वेळी झोका देत राहावं तसा हात वर-खाली व्हायला लागतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर काही तासांत हजारो मोठे हेलकावे देऊन जातं.

चौथा प्रकार रिकाम्या खांबांचा. गोल नळीवरून संथ वारा वाहताना तिच्या मागे आळीपाळीने दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात आणि नळी त्या तालावर थरथरते. बोर्ड लावला की हा ताल मोडतो. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी खांब आणि हात उभे राहतात आणि बोर्ड मात्र बिलं मंजूर झाल्यावर येतो. त्या मधल्या महिन्यांत खांब फुकटचा थकतो. उशीर होणारच असेल तर मापाचा कोरा पत्रा तरी लावून ठेवावा.

तुटतो तो वेल्डजवळच

खांबाची नळी खाली जाड बेसप्लेटला वेल्ड केलेली असते आणि ती प्लेट काँक्रीटमधल्या बोल्टांवर बसते. वेल्ड जिथे संपतो आणि नळी सुरू होते ती कड ही स्पोकच्या वाकासारखी जागा. आकार तिथे एकदम बदलतो, कडेला सूक्ष्म खाचा असतात आणि वेल्ड थंड होताना आक्रसल्यामुळे लोखंड आधीच आतून ताणलेलं असतं. वरून वारा येण्याआधीच अर्धी लढाई हरलेली असते म्हणा ना.

आता आकडे बघू. साधं बांधकामाचं लोखंड, ज्याला बाजारात ई-250 म्हणतात, ते 250 मेगापास्कलपर्यंतचा ताण कायमचं न वाकता सोसतं. एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण 10 किलो. पण सगळ्यात कमजोर प्रकारच्या वेल्डजोडाला हेलकाव्यागणिक 50 मेगापास्कलचा चढउतार मिळाला तर तो अंदाजे 10 लाख हेलकाव्यांत जातो. चढउतार निम्मा, म्हणजे 25 केला तर आयुष्य दुप्पट होत नाही, आठपट होतं, सुमारे 82 लाख. आणि प्रत्येक हेलकावा 18 च्या खाली ठेवला तर तडा वाढतच नाही असं धरतात. म्हणजे जे लोखंड 250 झेलतं, त्याच्या जोडाला रोजच्या हेलकाव्यात चौदाव्या हिश्श्याहून जास्त ताण देऊ नये.

मग आयुष्य मोजून 25 वर्षांचा खांब का बांधत नाहीत? सेकंदाला एक हेलकावा धरला आणि वर्षातला फक्त पाच टक्के वेळ खांब हलला, तरी वर्षाला 15 लाखांवर हेलकावे होतात, 25 वर्षांत चार कोटींच्या जवळ. रोज 5,000 ट्रक खालून गेले तर त्यांचे साडेचार कोटी वेगळेच. एवढ्या मोठ्या आकड्यात मोजणीची छोटी चूकही महागात पडते. त्यामुळे अशा खांबांचा सगळा आराखडा 'तडा वाढूच द्यायचा नाही' या एका अटीवर करतात.

प्रयोगशाळेत खांब कसा दमवतात

चाचणीला कागदावरचा नमुना चालत नाही. कारखान्यात तयार झालेला, त्याच वेल्डरने जोडलेला, झिंक चढवलेला खऱ्या मापाचा खांब लागतो, कारण जोडातला दोष छोट्या नमुन्यात उतरत नाही. अख्ख्या खांबाची गरज नसते. बेसप्लेटसह खालचा काही मीटर भाग कापून घेतात, तो आडवा करून पोलादी चौकटीला बोल्टांनी जखडतात आणि मोकळ्या टोकाला हायड्रॉलिक जॅक जोडतात. काही ठिकाणी दोन नमुन्यांच्या बेसप्लेट एकमेकींकडे तोंड करून मधल्या पोलादी खोक्याला बसवतात, दोन्ही बाहेरची टोकं टेकूवर ठेवतात आणि खोकं मधोमध वर-खाली करतात. एका जॅकमध्ये दोन चाचण्या होतात.

वेल्डपासून ठरावीक अंतरावर नळीवर स्ट्रेनगेज चिकटवतात. पोस्टाच्या तिकिटाहून लहान अशी ही पट्टी, नळी किती ताणली गेली ते विजेच्या रोधातल्या बदलावरून सांगते. गेज अगदी वेल्डच्या कडेला लावला तर तिथल्या खाचाखोचांमुळे आकडा फसवा येतो, म्हणून थोडं अंतर ठेवावंच लागतं. आधी स्थिर भार देऊन मोजलेला ताण हिशेबातल्या ताणाशी जुळतो का ते बघतात. तो जुळला नाही तर जॅक सुरूच करायचा नाही, कारण बहुतेक वेळा चूक बेसप्लेटखालच्या फटीत किंवा ढिल्या बोल्टात असते.

मग हेलकावे सुरू होतात. सेकंदाला दोन या गतीने एक कोटी हेलकाव्यांना 58 दिवस लागतात, रात्रंदिवस. घाई असेल तर खांबाला त्याच्या नैसर्गिक तालावर डोलवतात. टोकाला एका बाजूला जड असलेलं चाक मोटरने फिरवलं की पुरतं, वीजही कमी लागते. मात्र तडा गेल्यावर खांबाचा ताल बदलतो आणि मोटरचा वेग सारखा जुळवत राहावं लागतं.

नमुना नापास कधी? दोन तुकडे होईपर्यंत थांबत नाहीत. साधारणपणे खांबाचा ताठपणा दहा टक्क्यांनी घटला की चाचणी संपली असं धरतात. तडा शोधायला लाल रंगाची युक्ती वापरतात. वेल्ड साफ करायचा, पातळ लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा आणि वर पांढरी पावडर मारायची. तड्यात शिरलेला रंग पावडरीवर लाल रेघ होऊन उमटतो.

एका नमुन्यावर निकाल देत नाहीत. एकाच कारखान्यातले, एकाच दिवशी बनलेले दोन खांब एक चार लाखांवर आणि दुसरा दहा लाखांवर गेला तरी या क्षेत्रात कुणी दचकत नाही. म्हणून बरेच नमुने वेगवेगळ्या ताणांवर तोडतात आणि नियमावलीतली रेघ सरासरीतून न काढता जवळपास सगळ्या नमुन्यांच्या खालून काढतात. भारतात चेन्नईच्या सीएसआयआर-एसईआरसी संस्थेत थकव्याच्या चाचण्यांची प्रयोगशाळा आहे. आयएस 800:2007 या पोलादी बांधकामाच्या प्रमाणात 13 वं प्रकरण थकव्याचं आहे. अमेरिकेत बोर्डांच्या खांबांवरचा मोठा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2001 च्या नियमावलीत थकव्याला स्वतंत्र जागा मिळाली.

'मग जास्त भारी लोखंड वापरा की!'

सगळ्यात आधी हाच उपाय सुचतो आणि सगळ्यात कमी उपयोगी पडतो. ई-250 ऐवजी ई-350 घेतलं तर खांब वादळाला जास्त झेलेल, पण वेल्डची कड तितक्याच हेलकाव्यांत थकेल. उलट भारी लोखंड म्हणून नळी पातळ केली तर ताण वाढतो आणि आयुष्य घटतं. ताण 26 टक्के वाढला तरी आयुष्य निम्मं होतं.

जाडी वाढवायची तर बेसप्लेटची वाढवा. पातळ प्लेट बोल्टांच्या मधे ताटासारखी लवते आणि ते लवणं नळीच्या तळाला वाकवतं. 38 मिलिमीटरऐवजी 50 किंवा त्याहून जाड प्लेट घेतली की चाचण्यांमध्ये आयुष्य स्पष्ट वाढलेलं दिसतं. बोल्टांची संख्या वाढवल्यानेही मदत होते. आठ बाजूंच्या नळीपेक्षा गोल किंवा सोळा बाजूंची नळी बरी, कारण कोपऱ्यांवर ताण साचतो.

आणि ते त्रिकोणी तुकडे? खांबाच्या पायथ्याशी चार बाजूंनी स्टिफनर मारले की काम मजबूत झालं, असा फॅब्रिकेशनमधला जुना समज आहे. स्टिफनर नीट आखला, वरचं टोक नळीला अगदी निमुळतं, 15 अंशांच्या आसपास मिळवलं, तर फायदा होतो. पत्र्याचा उरलेला तुकडा कापून उभट त्रिकोण मारला तर तडा तळाहून निघून त्या टोकाशी जातो. कधी कधी पहिल्यापेक्षा लवकर जातो. खांबाला नंतर कंस, पाइपचा क्लिप, कॅमेऱ्याचा ब्रॅकेट वेल्ड करणंही असंच. 27 मार्च 1980 ला उत्तर समुद्रात अलेक्झांडर किएलान हा तरंगता तेलमंच उलटला आणि 123 माणसं गेली. सुरुवात एका आधारनळीवरच्या छोट्या उपकरणाच्या ब्रॅकेटपासून झाली होती. त्याचा वेल्ड 6 मिलिमीटरचा होता.

'झिंक चढवलंय, चिंता कसली?'

झिंक गंज रोखतं, थकवा नाही. झिंकची कढई 450 अंशांच्या आसपास तापलेली असते. जाड बेसप्लेट आणि पातळ नळी वेगवेगळ्या गतीने तापतात आणि कधी कधी नळीच्या वळणांशी बारीक तडे त्या कढईतच पडतात. वर झिंक बसल्यावर ते डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून तपासणी झिंक चढवल्यानंतर, ध्वनिलहरींच्या यंत्राने करायची. आधीचं प्रमाणपत्र नंतरच्या तड्याबद्दल काही सांगत नाही.

भुसावळच्या उन्हाचं काय, असंही विचारलं जातं. 45 अंशांनी पोलादाच्या ताकदीत फरक पडत नाही. तापणं-निवणं हाही एक हेलकावा आहे हे खरं, पण तो दिवसाला एकच. 25 वर्षांत 9,125. वारा तेवढे हेलकावे एका दुपारी देतो.

बोल्ट, जिथे सगळा अभ्यास वाया जातो

बेसप्लेट खालच्या आणि वरच्या नटांमध्ये धरलेली असते. खालचा नट खांब ओळंब्यात आणायला, वरचा आवळायला. बोल्ट नीट ताणला गेला तर वाऱ्याच्या हेलकाव्याचा फारच थोडा भाग त्याच्या वाट्याला येतो. ढिला राहिला तर शेजारचे बोल्ट त्याचा भार घेतात, नळीचा एक भाग जास्त वाकतो आणि प्रयोगशाळेत पास झालेला जोड रस्त्यावर नापास होतो. नोव्हेंबर 2003 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सू सिटी इथे महामार्गालगतचा सुमारे 43 मीटर उंच दिव्यांचा खांब पडला. त्या दिवशीचा वारा आराखड्यात धरलेल्या वाऱ्यापेक्षा कमी होता.

आवळायची पद्धत ठरलेली आहे. आट्यांना वंगण लावायचं, नट समोरासमोरच्या जोड्यांनी क्रमाक्रमाने घट्ट करायचे, खूण करायची आणि तिथून बोल्टाच्या ग्रेड व जाडीप्रमाणे एका फेऱ्याचा बारावा ते तिसरा हिस्सा आणखी फिरवायचा. दोन दिवसांनी टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचा. लांब पाइप घालून जोर येईस्तोवर ओढायचं, ही पद्धत नव्हे. खालचा नट आणि काँक्रीट यांच्यातली फट बोल्टाच्या जाडीपेक्षा जास्त नको, नाहीतर बोल्टच वाकायला लागतो. ती फट सिमेंटने लिंपून टाकली की दिसायला छान, पण आत पाणी साचतं आणि नट कधी सैल झाला ते कळत नाही.

रस्त्यावरून काय दिसतं

बोर्डाकडे बघू नका, पायथ्याकडे बघा. नळी आणि बेसप्लेटच्या जोडातून उतरलेला गंजाचा तांबडा ओघळ ही सगळ्यात बोलकी खूण, कारण तडा आतून गंजतो आणि पाणी ते बाहेर आणतं. रंगात आडवी बारीक चीर. नसलेला नट, किंवा बोटाने फिरणारा वॉशर. तारांसाठी ठेवलेल्या झाकणाच्या भोकाचे कोपरे. कॅन्टिलिव्हर असेल तर हात जिथे खांबाला मिळतो तिथले बोल्ट. आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे साइडपट्टीची माती. पावसाळ्यात काळी माती आणि मुरूम बेसप्लेटवर चढतात, त्यावर गवत येतं आणि तपासायला आलेल्या माणसालाही नट दिसत नाहीत. ती माती दर वर्षी बाजूला करणं हे तपासणीचं पहिलं काम. त्याला फावडं पुरतं.

राष्ट्रीय महामार्गावर असं काही दिसलं तर जवळच्या दगडावरचा किलोमीटर आकडा आणि रस्त्याची बाजू टिपून 1033 वर कळवता येतं. 'बोर्ड हलतो' एवढंच सांगू नका, कारण हलतो तर प्रत्येकच बोर्ड. वेल्डजवळ गंजाचा ओघळ आहे, नट नाही, असं नेमकं सांगा.